हप्ते बांधून दिले, पण तिसऱ्याच हप्त्याला गाडी अडली

बिबवेवाडीकर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

बाबांनी २०१० मध्ये एका कंपनीच्या डिबेंचरमध्ये (म्हणजे कंपनीला व्याजाने दिलेलं कर्ज) तीन लाख घातले. पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातले. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. एजंट ओळखीतला, सर्टिफिकेटला सोनेरी किनार, आणि वर 'प्रायव्हेट प्लेसमेंट आहे, सगळ्यांना मिळत नाही' हे पालुपद. त्या 'सगळ्यांना मिळत नाही' वरच बाबा भाळले असणार. पुढे कळलं की हजारो जणांना मिळालं होतं.

२०१४ मध्ये सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) आदेश आला, सगळ्यांचे पैसे १५ टक्के व्याजासह परत करा. कंपनी अपिलात गेली. मग तारखा. शेवटी गेल्या वर्षी 'एकदम झेपत नाही' हा कंपनीचा अर्ज मान्य होऊन हप्ते बांधून मिळाले. आधी मुद्दल, दर तीन महिन्यांनी एक असे बारा हप्ते, व्याज त्यानंतर. कंपनीने एका वेगळ्या खात्यात भरायचे, तिथून सगळ्यांना ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटप.

गेल्या सप्टेंबरात २५,००० आले. डिसेंबरात २५,०००. मार्चमध्ये ९,१४०. नंतर जून गेला, हा सप्टेंबरही गेला, दमडी नाही.

बाबांचा मोबाइलवरच्या मेसेजवर भरवसा नाही. पाच तारखेला बँकेत जाऊन पासबुक मशीनमध्ये घालतात, ते करकर वाजून बाहेर येईपर्यंत तिथेच उभे राहतात. त्या ९,१४० च्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारलीय आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: '१५,८६० येणे'.

हप्ता चुकला की पुढे काय होतं? आम्ही काही करायचं असतं की नुसतं बसायचं? 'आधी मुद्दल' हे आमच्या बाजूचं आहे की कंपनीच्या? आणि वेगळी पोलिस तक्रार करावी का?

---

खवचट_शनिपार | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०२

रुमाल टाकून ठेवतो. सकाळी चहा घेऊन बसतो.

---

पर्वतीपायथा | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

तक्रारच करा, दुसरं काय. संचालक आत गेला की पैसे आपोआप बाहेर येतात. आमच्या ओळखीत एकांचे असेच सुटले. हप्तेबिप्ते म्हणजे वेळकाढूपणा आहे.

---

वकील_शिवाजीनगर | १० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

@पर्वतीपायथा, 'आत गेला की पैसे बाहेर' हा पुण्यातला फार जुना समज आहे, त्याकडे नंतर येतो.

धागाकर्ते, पहिली गोष्ट: आदेशाची प्रत तुमच्याकडे आहे का? बातमीचं कात्रण नको, व्हॉट्सॅपवर फिरणारा सारांशही नको. हप्त्याच्या आदेशात रकमेपेक्षा महत्त्वाचा असतो शेवटाकडचा एक परिच्छेद: हप्ता चुकल्यास काय. बहुतेक वेळा तिथे असतं की एकही हप्ता ठरल्या तारखेला भरला नाही तर सवलत आपोआप संपेल आणि उरलेली सगळी रक्कम तत्काळ देय होईल. हे वाक्य असेल तर मार्चमध्ये अर्धवट हप्ता आला त्याच दिवशी कंपनीची सवलत संपली. नसेल, तर प्रत्येक हप्त्यासाठी पुन्हा दारात उभं राहावं लागतं. मी असे आदेशही पाहिलेत ज्यांत बारा तारखा सुबक तक्त्यात मांडल्यात आणि चुकल्यास काय याबद्दल चकार शब्द नाही.

दुसरं, वसुली. सेबी कायद्यात २८ए हे कलम २०१४ च्या दुरुस्तीने आलं. त्याखाली सेबीचा वसुली अधिकारी बँक खाती, डीमॅट, स्थावर मालमत्ता जप्त करून विकू शकतो, अटक करून ताब्यातही ठेवू शकतो. पद्धत प्राप्तिकर वसुलीचीच उचललेली आहे. त्याआधी सेबीचा आदेश मोडला तर हातात मुख्यतः खटला होता, आणि खटल्याने शिक्षा होते, वसुली होत नाही. तो खटल्याचा रस्ता आजही आहे, कलम २४ मध्ये दहा वर्षांपर्यंत कैद आणि २५ कोटींपर्यंत दंड आहे. पण तुमच्या कामाचं कलम २८ए.

आदेशाची प्रत सेबीच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोधा, मिळेल. मग सांगा.

---

हिशेबनीस | १० नोव्हेंबर, दुपारी १२:१०

'आधी मुद्दल' कुणाच्या बाजूचं, याचा आकडा काढून दाखवतो. सहकारी बँकेत तीस वर्षं हेच केलंय.

तीन लाखांवर १५ टक्के सरळव्याज म्हणजे वर्षाला ४५,०००, तिमाहीला ११,२५०. मागचं साचलेलं व्याज बाजूला ठेवा, फक्त हप्त्यांची तीन वर्षं धरा. दर तिमाहीला २५,००० मुद्दलातून वजा झाले तर व्याज उरलेल्या मुद्दलावरच चालतं: तीन लाखांवर, मग पावणेतीन लाखांवर, असं खाली खाली. बारा तिमाह्यांचं मिळून ७३,१२५ होतं. तेच २५,००० आधी जुन्या व्याजात जिरवले, तर मुद्दल तीन वर्षं जागच्या जागी आणि नवं व्याज १,३५,०००. फरक ६१,८७५ चा, तोही सगळे हप्ते वेळेवर आले असं धरून. एरवी, काही ठरलेलं नसेल तर आलेली रक्कम आधी व्याजात आणि मग मुद्दलात घालायची हा सर्वसाधारण दंडक. तो उलटा फिरवून घेतला, म्हणजे कंपनीचा वकील हुशार आहे.

पण दुसरी बाजूही बघा. कंपनीकडे पुरेसे पैसेच नसतील तर व्याजाचा आकडा कागदावर फुगला काय आणि आटला काय. हातात येतात ते तेवढेच. फक्त ते मुद्दल म्हणून आले तर प्राप्तिकर नाही, व्याज म्हणून आले तर आहे. तेवढ्यापुरता तुमचा फायदा.

बाबांना माझा नमस्कार सांगा. '१५,८६० येणे' ही नोंद बरोबर आहे.

---

खवचट_शनिपार | १० नोव्हेंबर, दुपारी १२:४५

हिशेबनीस काकांनी बेरीज बरोबर आहे म्हटलं! या फोरमवरचा हा सर्वोच्च पुरस्कार आहे, फ्रेम करून लावा.

---

सदू_आंबेगाव | १० नोव्हेंबर, दुपारी ३:२०

सेबीने लावलेला दंड आपल्याला वाटून मिळतो ना? आमच्या केसमध्ये दोन कोटी दंड झालाय, म्हणून विचारतो.

---

वकील_शिवाजीनगर | १० नोव्हेंबर, दुपारी ४:००

नाही. दंड सरकारच्या तिजोरीत, म्हणजे भारताच्या संचित निधीत जातो. गुंतवणूकदाराला परत करायची रक्कम वेगळी. बेकायदा नफ्याची वसुली तिसरी, ती गुंतवणूकदार संरक्षण व शिक्षण निधीत जाते. एकाच आदेशात तिन्ही असू शकतात. पेपरात तिन्हींची बेरीज छापतात आणि लोक ती आपली समजतात.

---

निवृत्त_बँकवाला | १० नोव्हेंबर, रात्री ८:५०

हप्ते आणि सेबी म्हटलं की सहारा आलंच. सविस्तर लिहितो, कारण धागाकर्त्यांच्या प्रकरणाची ही सगळ्यात मोठी आवृत्ती आहे. 'प्रायव्हेट प्लेसमेंट' हा शब्दसुद्धा तोच.

सहाराच्या दोन कंपन्यांनी ओएफसीडी नावाचे परिवर्तनीय डिबेंचर कोट्यवधी लोकांना विकले आणि हे खाजगी आहे म्हणून सांगितलं. जुन्या कंपनी कायद्यात ४९ च्या वर लोकांना देऊ केलं की तो पब्लिक इश्यू, म्हणजे जनतेला खुली विक्री, ठरत असे (२०१३ च्या कायद्यात ही मर्यादा २०० झाली). ३१ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने २४ हजार कोटींच्या वरची रक्कम १५ टक्के व्याजाने तीन महिन्यांत भरायला सांगितली. नाही भरली. मग ५ डिसेंबरला हप्ते: ५,१२० कोटी लगेच, १० हजार कोटी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, उरलेले फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. पहिला आला, पुढचे दोन नाही. दरम्यान कागदपत्रं द्या म्हटल्यावर १२७ ट्रक भरून खोकी सेबीकडे पाठवली. एकतीस हजारांच्या वर खोकी! ज्याने सेबीच्या गोदामात ती उतरवून घेतली असतील त्याला एक तरी पदक द्यायला हवं होतं.

मार्च २०१४ मध्ये सहाराचे प्रमुख सुब्रत रॉय तिहारला. जामिनासाठी १० हजार कोटी, अर्धे रोख, अर्ध्यांची बँक गॅरंटी. ते जमवता जमवता वर्ष उलटलं. जून २०१५ मध्ये पुन्हा हप्ते: ३६ हजार कोटी, अठरा महिने, नऊ हप्ते, चुकले तर गॅरंटी वटवा आणि पुन्हा आत जा. दोन वर्षांनी सहाराच्या अॅम्बी व्हॅली या वसाहतीच्या लिलावाचा आदेश. इथे आपल्या मुळशी तालुक्यात! मुंबई उच्च न्यायालयाच्या अवसायकाने (लिक्विडेटरने) राखीव किंमत काढली ३७,३९२ कोटी. घेणारा कोण? कुणी नाही. लोणावळ्याहून पुढे गेलात की ते गेट आजही दिसतं.

आता गंमत बघा. वसूल झालेलं आणि त्यावरचं व्याज मिळून मार्च २०२२ ला सेबीच्या खात्यात २४ हजार कोटींच्या घरात रक्कम होती. तोवर गुंतवणूकदारांना परत गेले होते जेमतेम १३८ कोटी, तेही व्याजासकट. पैसे यायला हप्ते लागले आणि आलेले पैसे माणसापर्यंत पोचायला अर्ज, सर्टिफिकेट, नावाची जुळणी. अर्जच फार थोडे आले. पुढे २०२३ मध्ये त्यातले ५ हजार कोटी सहाराच्या सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी वळवले, ते पोर्टल वगैरे तुम्हाला आठवत असेल.

म्हणून धागाकर्ते, हप्त्याची वाट बघाच, पण बाबांच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरशः एक आहे का, ते आज रात्रीच बघा.

---

बिबवेवाडीकर | १० नोव्हेंबर, रात्री ११:३०

काका, बघितलं. सर्टिफिकेटवर बाबांचं नाव, मग आजोबांचं, मग आडनाव. बँकेत आडनाव आधी. आधारवर आजोबांच्या नावातला एक काना गायब. आत्तापर्यंत तीन हप्ते आलेत म्हणजे चालत असावं, पण उद्या प्रतिज्ञापत्र करून ठेवतो.

---

एडिसनकर | ११ नोव्हेंबर, पहाटे ४:१०

(मूळचा एरंडवण्याचा, आता न्यू जर्सी.) इथलं सांगतो, तुलनेपुरतं. मी कम्प्लायन्समध्ये आहे.

इकडे एसईसी (म्हणजे अमेरिकेची सेबी) दिवाणी दावा लावते आणि फेडरल कोर्टाच्या अंतिम निकालातच रक्कम आणि मुदत असते. हप्ते हवे असतील तर आरोपीला शपथेवर सगळी सांपत्तिक स्थिती द्यावी लागते: घर, गाडी, पेन्शन, बायकोच्या नावावर काय. त्यात पुढे खोटेपणा सापडला तर एसईसी प्रकरण पुन्हा उघडायला मोकळी. एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम निकालानंतरच्या व्याजासह लगेच मागता येते, आणि बऱ्याच निकालांत त्यासाठी पुन्हा कोर्टात अर्जही लागत नाही. ते व्याज सरकारी रोख्यांच्या दराला बांधलेलं, त्यामुळे बाबांच्या १५ टक्क्यांपुढे अगदीच किरकोळ. आणि वैयक्तिक दिवाळखोरी काढली तरी सिक्युरिटीज फसवणुकीचं देणं पुसलं जात नाही.

लोकांना परत द्यायला 'फेअर फंड' असतो, २००२ च्या कायद्याने दंडाची रक्कमसुद्धा त्यात घालता येते. सदू यांना हे आवडेल. वसुली मात्र इथेही ठोठावलेल्या रकमेपेक्षा बरीच कमी होते. पैसा उडवून झालेला असतो, मग कोर्ट कुठलंही असो.

---

पर्वतीपायथा | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:००

अमेरिकेचं राहू द्या हो. पोलिस तक्रारीचं कोणी बोलेल का?

---

वकील_शिवाजीनगर | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

बोलतो.

पुण्यात ठेवी बुडाल्या की लोक आर्थिक गुन्हे शाखेत जातात आणि १९९९ चा एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा लागतो. मालमत्ता जप्त होते, सक्षम प्राधिकारी नेमला जातो, विशेष न्यायालयापुढे प्रकरण चालतं. कायदा चांगला आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो वैधही ठरवलाय. पण त्यातल्या 'ठेव' या व्याख्येतून सेबीच्या नियमांखाली काढलेले डिबेंचर, रोखे वगळलेले आहेत. तुमच्या कंपनीने नियम पाळलेच नव्हते, त्यामुळे वगळणूक लागू नाही असं आपण म्हणू, लागू आहे असं ते म्हणतील, आणि वर्षभर त्यावरच घासाघीस होईल.

आता 'आत गेला की पैसे बाहेर'. याचा आधार होता जामिनाच्या वेळची हमी: इतके लाख भरतो, सोडा. लोक सुटायचे, एखादा हप्ता भरायचे, मग परिस्थिती बदलली म्हणून अर्ज करायचे. जुलै २०२५ मध्ये आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात, पंचवीस लाख भरण्याची हमी देऊन जामीन घेतला आणि भरले नाहीत, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने खडसावलं: यापुढे पैसे भरण्याच्या हमीवर जामीन द्यायचा नाही, जामीन गुणवत्तेवरच ठरवायचा. त्यामुळे तो रस्ता आता जवळपास बंद समजा.

तक्रार करू नका असं म्हणत नाही. गुन्हा झालाय तर तक्रार व्हावीच. पण वसुलीसाठी आधी वसुली अधिकाऱ्याला लेखी कळवा की अमुक तारखेचे हप्ते आले नाहीत. शक्य असेल तर दहा-बारा गुंतवणूकदार मिळून, पासबुकाच्या प्रती जोडून. आणि त्यात एकच विचारा: आदेशातली चुकल्याची अट लागू केली का?

---

जुना_एजंट | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४५

आयडी नवीन काढलाय, कारण लगेच कळेल.

मी असल्याच एका कंपनीचं काम केलं. वेगळी असेल किंवा तीच असेल, विचारू नका. सिंहगड रस्त्याला राहतो. आमच्या सोसायटीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत मिळून एकेचाळीस जण माझ्यामुळे गेले. कमिशन सहा टक्के. माझेही दोन लाख त्यातच होते हे खरं आहे, पण ते सांगितलं तर लोक हसतात.

कंपनी बसली तेव्हा मला कोर्टाने काही सांगितलं नाही, जिन्याने सांगितलं. जिना उतरताना वरून चपलांचा आवाज आला की मी मजला सोडून बोळात उभा राहायचो. शेवटी बायकोने वही काढली. म्हणाली, कमिशन तरी आपलं नव्हतं ना, तेवढं परत करू. नावं, प्रत्येकाचं कमिशन, दरमहा पाचशे-पाचशे, दोन-दोन घरांना आळीपाळीने. काहींनी घेतले नाहीत. एकाने पैसे घेतले आणि बोलणं बंद केलं ते आजतागायत. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचे शेवटचे पाचशे दिले आणि वहीत सही मागितली. त्यांनी चष्मा लावला, सगळी पानं उलटली आणि म्हणाल्या, "व्याज राहिलंय."

सात वर्षं लागली. त्या वहीत तारखा चुकल्या तर काय ते लिहिलेलं नव्हतं. काकू होत्या ना.

धागाकर्ते, तुमचा एजंट ओळखीतला म्हणालात. तो अजून तिथे राहतो का? राहत असेल तर त्याच्याकडे कंपनीचे जुने कागद असतील: कुठल्या जागा दाखवायला बस नेली होती, कुठल्या सर्व्हे नंबरचे फोटो पत्रकात होते. आम्हाला दोनदा 'साइट व्हिजिट'ला नेलं होतं. वसुली अधिकाऱ्याला मालमत्तेची माहिती लागते, आणि ती आमच्यासारख्यांच्या माळ्यावर पडलेली असते.

---

सदू_आंबेगाव | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

खवचट_शनिपार | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

काकूंना सेबीवर घ्या. मी गंभीरपणे बोलतोय.

---

हिशेबनीस | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

जुना_एजंट, वही जपून ठेवा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

मी_मुग्धा | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

थोडं निराशाजनक लिहू का? सेबीच्या स्वतःच्याच हिशेबात 'वसुलीस अवघड' असा वेगळा रकाना आहे, आणि मार्च २०२४ अखेर त्यात ७६,२९३ कोटी होते. म्हणजे सगळे उपाय करून झाले तरी येत नाहीत असे. आकडा बघून घाबरू नका, त्यातला मोठा भाग मोजक्या अवाढव्य प्रकरणांचा आहे. जमिनीच्या नावाखाली लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या पीएसीएल कंपनीचंच बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये ४९,१०० कोटी तीन महिन्यांत परत करा म्हणून आदेश, २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा समिती, आणि मग जमिनी विकत विकत परतफेड. सुरुवात २,५०० रुपयांपर्यंतच्या दाव्यांपासून, मग टप्प्याटप्प्याने वर. लहान रकमांना आधी, ही पद्धत मला बरी वाटली. अर्थात आमची रक्कम लहान होती म्हणूनही वाटली असेल :)

---

बिबवेवाडीकर | २३ नोव्हेंबर, रात्री ९:००

अपडेट. आदेशाची प्रत मिळाली. वकीलसाहेब, ते वाक्य आहे! सतराव्या परिच्छेदात: कोणताही हप्ता चुकल्यास सवलत रद्द आणि उर्वरित रक्कम एकरकमी देय. आम्ही चौदा जणांनी सही करून पत्र पाठवलं. पासबुकाच्या प्रती जोडल्या. बाबांनी पेन्सिलीची रेघ खोडायला नकार दिला, तशीच झेरॉक्स गेली.

एजंट अजून तिथेच राहतो. मी जायला कचरत होतो, बाबा एकटेच गेले आणि दीड तास बसले. येताना पत्रक घेऊन आले. त्यात नगर रस्त्याला वाघोलीच्या पुढची एक जागा आहे, सर्व्हे नंबरसकट. तेही पत्रासोबत जोडलं.

---

वकील_शिवाजीनगर | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

उत्तम. आता सातबारा काढा. ऑनलाइन मिळतो. जागा कंपनीच्या, संचालकाच्या की भलत्याच कुणाच्या नावावर आहे ते बघा. पत्रकातल्या फोटोवरून मालकी ठरत नाही.

---

बिबवेवाडीकर | १८ जानेवारी, रात्री ८:२०

उशीर झाला, माफी. सातबारा कंपनीच्या नावावर निघाला. वसुली अधिकाऱ्याने जप्तीचा आदेश काढलाय, इतर दोन मालमत्तांबरोबर ही पण यादीत आहे. पुढचं मूल्यांकन, लिलाव, त्यावर हरकती, हे सगळं व्हायचंय. पैसे अजून नाहीत.

बाबांना काल राहवलं नाही. शेजारच्या काकांच्या स्कूटरवर मागे बसून जागा बघून आले. कुंपण नाही, पाटी नाही, कंपनीचं नामोनिशाण नाही. कुणीतरी हरभरा पेरलाय, घाटे धरलेत.

---

खवचट_शनिपार | १८ जानेवारी, रात्री ८:३५

मग व्याजापोटी सोलाणे तरी मागायचे.

---

बिबवेवाडीकर | १८ जानेवारी, रात्री ८:५०

एक जुडी आणलीय. विचारून आणली का म्हटलं, तर उत्तर नाही. सोलत बसलेत.